हा ‘मी’ नक्की राहतो कुठं?

कोल्हापूरची पोरगी पुण्याला नोकरीला गेली की थोड्याच दिवसांत एक गंमत होते. ऑफिसात ती “मी आले, मी जेवले, मी निघाले” असं व्यवस्थित बोलायला लागते, कारण पहिल्याच आठवड्यात “मी जेवलो” म्हटल्यावर सगळी हसलेली असतात. आणि संध्याकाळी आईचा फोन आला की एका सेकंदात “व्हय गं, जेवलो मगाशीच, आता झोपतो” सुरू. कुणी शिकवलेलं नाही, ठरवलेलं नाही, आपोआप होतं. (मी पण त्यातलीच, कॉलेजात पोरांना शिकवताना ‘आले’ आणि घरात पाऊल टाकलं की ‘आलो’.) मग रूममेट विचारते, अगं पण यातली खरी तू कुठली, आणि पोरगी गप्प बसते, कारण तिला दोन्ही खऱ्याच वाटत असतात.

मला विचाराल तर तिचं गप्प बसणं बरोबर आहे आणि रूममेटचा प्रश्न चुकीचा आहे. हल्ली मोबाईल उघडला की ‘स्वतःला शोधा’, ‘तुझ्यातला खरा तू ओळख’ असल्या रील्सचा पाऊस पडतो, त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते की आत कुठंतरी तयार, पूर्ण, पक्का असा एक ‘मी’ लपून बसलाय आणि वरचं सगळं खरवडून काढलं की तो सापडणार. मानसशास्त्रानं सव्वाशे-दीडशे वर्षं यावर डोकं घातलंय आणि असा कुणी आत बसलेला सापडलेला नाही. सापडलंय ते असं की ‘मी’ हे सतत चालू असलेलं काम आहे, ते आपला मेंदू करतो पण एकटा करत नाही, आजूबाजूच्या माणसांचे हात त्यात सारखे असतात. आणि तरीही ते खोटं नाही. या शेवटच्या वाक्यावर पोरं वर्गात हमखास भांडतात, म्हणून जरा निवांत सांगते.

सुरुवात विल्यम जेम्सपासून करूया. अमेरिकन माणूस, १८९० साली त्याचा मानसशास्त्रावरचा दोन खंडांचा जाडजूड ग्रंथ आला आणि त्यात ‘स्व’ वर एक मोठं प्रकरण आहे. तो म्हणतो ‘मी’ मध्ये दोघं आहेत, एक बघणारा आणि एक बघितला जाणारा. “मला माझा राग आला” असं आपण म्हणतो तेव्हा राग येणारा एक आणि ज्याचा राग आला तो दुसरा. बघितला जाणारा जो ‘मी’ आहे त्यात काय काय येतं तर आपलं शरीर, कपडे, घर, माणसं, जमीनजुमला, मग लोकांच्या डोळ्यातली आपली किंमत, मग आपले विचार आणि स्वभाव. नवीन बुलेटला कुणी ओरखडा काढला की मालकाच्या छातीत कळ येते ना, ते जेम्सच्या हिशोबात वेडेपणाचं नाही, गाडी खरंच त्याच्या ‘मी’ चा भाग झालेली असते. आणि त्याचं गाजलेलं म्हणणं म्हणजे, आपल्याला जितकी माणसं ओळखतात तितके आपले सामाजिक ‘मी’ असतात. झालं की आमच्या पोरीचं काम, १८९० सालीच.

त्याच प्रकरणात एक उदाहरण आहे जे खासबागेत कुस्त्या बघत बसलेल्या कुणालाही लगेच कळेल. तो म्हणतो, जगात दुसऱ्या नंबरचा मुष्टियोद्धा शरमेनं मरायला टेकतो, एक माणूस सोडला तर पृथ्वीवरच्या सगळ्यांना तो लोळवू शकतो, पण त्याचं त्याला काही नाही, तो एक माणूस डोळ्यासमोरून जात नाही. याउलट एखादा किरकोळ माणूस ज्याला कुणीही मारू शकतो, तो मजेत असतो कारण त्यानं त्या आखाड्यात उतरायचं ठरवलेलंच नसतं. म्हणजे स्वतःबद्दल बरं वाटणं हे यश भागिले अपेक्षा असं आहे, जेम्सनं ते खरंच भागाकारासारखं मांडलंय. शंभरेक वर्षांनी, १९९५ साली, अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे व्हिडिओवर तपासले तर कांस्यपदकवाले रौप्यवाल्यांपेक्षा जास्त खुश दिसले. रौप्यवाला वरच्याकडं बघतो, कांस्यवाला म्हणतो चौथा आलो असतो तर काहीच नव्हतं. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत आणलेलं पदक कांस्यच होतं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि त्या कांस्याचा रुबाब अजून उतरलेला नाही.

पुढं १९०२ साली चार्ल्स कूली नावाच्या समाजशास्त्रज्ञानं हेच अजून टोकदार केलं. आपण लोकांना कसे दिसतो याची कल्पना करतो, मग ते आपल्याबद्दल काय मत करत असतील याची कल्पना करतो, आणि त्यावरून आपल्याला अभिमान किंवा लाज वाटते, अशा तीन पायऱ्या. नीट बघा, पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत. लोक खरोखर काय विचार करतात हे यात कुठंच येत नाही! लग्नात आपली साडी किंवा शर्ट ‘सगळे बघत होते’ असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक लोक तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या लाईनीकडं बघत असतात.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, याला प्राण्यांमधला पुरावा आहे आणि तो मला फार अस्वस्थ करणारा वाटतो. गॉर्डन गॅलप यानं १९७० साली चिंपांझींना आधी आरशाची सवय करून दिली, मग भूल देऊन भुवईजवळ रंग लावला आणि परत आरशासमोर ठेवलं. त्यांनी आरशात बघून स्वतःच्या चेहऱ्यावरच्या डागाला हात लावला, म्हणजे आरशातला तो ‘मी’ आहे हे त्यांना कळलं. माणसाची पोरं हे साधारण दीड ते दोन वर्षांची झाल्यावर करायला लागतात, त्याआधी आरशातल्या बाळाशी खेळतात किंवा त्याच्या पाठीमागं जाऊन बघतात. पण खरी गोष्ट पुढची. नंतर गॅलप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून एकटे, इतर चिंपांझींपासून वेगळे वाढवलेले चिंपांझी घेतले, आणि त्यांना आरशातलं रूप आपलं आहे हे कळलंच नाही. संख्या लहान होती त्या प्रयोगात, तरी मुद्दा डोक्यातून जात नाही. एकट्यात वाढलेल्याला ‘मी’ सुद्धा नीट मिळत नाही.

आता लोकांच्या नजरेतून ‘मी’ घडत असेल तर नजरच वाकडी असली की काय? इथं बाहेरचं उदाहरण घ्यायची गरजच नाही. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव नावाचा पोरगा १८८४ साली वयाच्या दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू झाला, नाव बदललं, घर बदललं, आई बदलली. पुढं राजा झाला. आणि १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी त्याच राजासाठी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणायला तयार नाही, पुराणोक्त म्हणतो, का तर तुम्ही शूद्र. सिंहासन, सैन्य, खजिना सगळं असून समोरच्याच्या डोळ्यात तुमची ओळख ठरलेली आहे. राजाची ही गत तर बाकीच्यांची काय असेल. आता यावर एखाद्यानं म्हटलं असतं की जाऊ दे, मी मनानं खंबीर आहे, लोकांच्या बोलण्याचं मला काही नाही (आजच्या रील्स हेच सांगतात). महाराजांनी तसं केलं नाही. त्यांनी रचनेलाच हात घातला, वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. हो, ज्या वर्षी कूलीचं पुस्तक आलं तेच वर्ष, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही पण मला हा योगायोग आवडतो. आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलची गोष्ट तर शहरात सगळ्यांना माहिती आहे, महाराज तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. एक कप चहा चारचौघात प्यायल्यावर बघणाऱ्यांच्या नजरेत काहीतरी हललं, आणि कूलीच्या हिशोबानं ज्याच्याकडं बघितलं जातं त्याच्या आतही हलतं.

गटाची ओळख हा विषय निघालाच आहे तर हेन्री ताजफेल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हा पोलंडचा ज्यू, फ्रान्समध्ये शिकत होता, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात गेला, पकडला गेला आणि फ्रेंच युद्धकैदी म्हणून जर्मनांच्या छावण्यांत राहिला. परत आला तेव्हा घरातली जवळजवळ सगळी माणसं मारली गेली होती. माणूस स्वभावानं कसा आहे, पहारेकऱ्याशी त्याचं जमतं का, याला काही किंमत नव्हती, कुठल्या खान्यात नाव आहे यावर जगणं-मरणं ठरत होतं. नंतर इंग्लंडमध्ये तो मानसशास्त्रज्ञ झाला आणि त्यानं विचारलं, दोन गटांत वैर यायला कमीत कमी काय लागतं? ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि तुला अमुक आवडला म्हणून तू या गटात असं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. गटात दुसरं कोण आहे माहिती नाही, भेट नाही, जुनं भांडण नाही, स्वतःचा फायदा नाही. मग इतर पोरांना पैसे वाटायला लावले. तरी पोरांनी आपल्या गटाला जास्त दिले, आणि पुढची गोष्ट ऐका, कितीतरी वेळा आपल्या गटाला एकूण कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत अशी वाटणी केली. कँडिन्स्कीसाठी! ज्याचं नाव त्या पोरांनी कदाचित त्या दिवशीच ऐकलं असेल.

आता शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहारची फुटबॉल मॅच आठवा आणि सांगा मला, ही ब्रिस्टलची पोरं आपल्याला लांबची वाटतात का. तिथं तर पिढ्यांचा इतिहास आहे, पेठ आहे, तालीम आहे. आणि वर्ल्ड कप आला की अर्धं शहर अर्जेंटिनाचं आणि अर्धं ब्राझीलचं, चौकाचौकात कटआउट, मित्रामित्रांत अबोला, आणि दोन्ही देश आपल्यापासून पार पृथ्वीच्या पलीकडं. १९७६ साली रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत बघितलं की शनिवारी आपली फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी जास्त पोरं विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात. त्यांनी फोन करून मॅचबद्दल विचारलं तर जिंकलेल्या मॅचला पोरं ‘आपण जिंकलो’ म्हणत आणि हरलेल्या मॅचला ‘ते हरले’ कडं झुकत. आपल्या कट्ट्यावर रात्री जाऊन उभं राहा, “आपण मारली भावा” आणि “घालवली राव त्यांनी” हे दोन्ही एकाच तोंडातून ऐकायला मिळतं. यात हसण्यासारखं आहे पण कमीपणाचं काही नाही, माणसाच्या ‘मी’ चा एक मोठा तुकडा ‘आम्ही’ मध्ये असतो, ताजफेलनं जॉन टर्नरबरोबर १९७९ साली हेच सिद्धांत म्हणून मांडलं. भीती एवढीच की हा तुकडा कुणी बाहेरून पेटवला तर तो माणूस विचार करायच्या आधी पेटतो, आणि व्हॉट्सॲपच्या जमान्यात पेटवायला चित्रकारसुद्धा लागत नाही.

बरं, हे झालं बाहेरचं. आत मेंदूत तरी एखादा मालक बसलेला असेल की, जो हे सगळं बघतोय आणि ठरवतोय? इथं मला वाटतं आख्ख्या मानसशास्त्रातला सगळ्यात भन्नाट प्रयोग आहे.

अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे फार गंभीर पेशंट असायचे, त्यांच्या मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा डॉक्टर कापायचे, म्हणजे झटका एका बाजूचा दुसरीकडं पसरत नाही. पेशंट वरून अगदी नॉर्मल. रॉजर स्पेरीनं आणि त्याचा विद्यार्थी मायकेल गॅझॅनिगानं अशा पेशंटना तपासलं, स्पेरीला १९८१ साली नोबेलसुद्धा मिळालं. नजरेच्या डाव्या बाजूला दाखवलेलं चित्र मेंदूच्या उजव्या भागाला दिसतं आणि तो भाग डावा हात चालवतो, उजव्या बाजूचं डाव्या भागाला दिसतं आणि बोलायचं काम सहसा डाव्या भागाकडं असतं, एवढं लक्षात ठेवा. गॅझॅनिगानं एका पेशंटच्या उजव्या मेंदूला बर्फानं भरलेलं अंगण दाखवलं आणि डाव्याला कोंबडीचा पाय. मग समोर चित्रं ठेवली आणि जुळणारं निवड म्हटलं. उजव्या हातानं कोंबडी दाखवली, डाव्या हातानं फावडं दाखवलं, बर्फ उपसायला. दोन्ही बरोबर. आता विचारलं, बाबा फावडं का दाखवलंस? बोलणाऱ्या डाव्या मेंदूला बर्फ दिसलेलाच नाही, त्यानं ‘मला माहिती नाही’ म्हणायला पाहिजे होतं. पण तो एक क्षण न थांबता म्हणाला, सोपं आहे, कोंबडीचा पाय कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटलं. गॅझॅनिगा म्हणतो डाव्या मेंदूत असा एक अर्थ लावणारा आहे, जे घडलं त्याची लगेच गोष्ट जुळवून देतो. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानात माईकवर निवेदक असतो बघा, पट काढला, ढाक मारली, घिस्सा लावला, सगळं इतक्या तोऱ्यात सांगतो की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं तोच लढतोय, पण हौद्यात तो नसतो. आपण ज्याला ‘मी ठरवलं’ म्हणतो त्यातलं बरंचसं या निवेदकाचं बोलणं असतं.

तुम्ही म्हणाल ते मेंदू कापलेले पेशंट होते, आपलं काय. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००५ साली साध्या धडधाकट लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले, जास्त आवडणारा निवडायला सांगितलं, आणि हातचलाखीनं न निवडलेला फोटो त्यांच्या हातात देऊन विचारलं हा का आवडला. बहुतेक वेळा लोकांच्या लक्षातच आलं नाही, आणि त्यांनी कारणंही दिली, हिचं हसणं छान आहे, कानातलं आवडलं. न निवडलेल्या फोटोची कारणं! स्थळं बघताना ‘मला हाच का आवडला’ यावर तासभर बोलणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं.

मग आठवणींवर या. बरेच जण म्हणतात ‘मी’ म्हणजे माझ्या आठवणी. पण कॅनडात केसी या नावानं ओळखला जाणारा एक पेशंट होता, १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला मार लागला आणि आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवेना, आधी झालेलाही नाही आणि नंतर घडलेलाही नाही. एंडेल टुल्विंगनं त्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. केसीला आपल्या स्वभावाबद्दल विचारलं तर त्यानं दिलेली उत्तरं त्याच्या आईनं त्याच्याबद्दल दिलेल्या उत्तरांशी चांगली जुळली, आणि तीसुद्धा अपघातानंतर बदललेल्या स्वभावाबद्दल. म्हणजे एकही प्रसंग हाताशी नसताना ‘मी असा आहे’ हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आठवणी आणि ओळख हे एकच खातं धरू नका.

तरी आपण साधी माणसं आठवणींची गोष्ट करतोच, आणि कशी करतो यावर फार अवलंबून असतं. डॅन मॅकॲडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ यालाच ओळख म्हणतात, आपण स्वतःला सांगत असलेली आयुष्याची गोष्ट. २०१९ चा महापूर घ्या. एकाच गल्लीतली, एकसारखं नुकसान झालेली दोन माणसं धरा. एक सांगतो, सगळं चाललं होतं, पूर आला आणि तिथनं घसरण लागली ती लागलीच. दुसरा सांगतो, पुरात सगळं गेलं, पण बोटीतनं कोण कुठली माणसं आली, आमची म्हातारी काढली, तवापासनं मी पण कुणाच्या अडचणीला मागं राहत नाही. पाणी तेवढंच, गाळ तेवढाच. मॅकॲडम्सच्या अभ्यासात वाईटातून काहीतरी निघालं अशी गोष्ट सांगणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सरासरीनं बरं दिसतं, आणि चांगलं होतं ते नासलं अशी सांगणाऱ्यांचं कमी. पण गोष्ट बदलली म्हणून आयुष्य बदलतं, की आयुष्य सावरलं म्हणून गोष्ट तशी सांगता येते, हे सोडवणं अवघड आहे. ज्याला भरपाईच मिळाली नाही त्याला “जरा पॉझिटिव्ह गोष्ट सांग” म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा.

‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द ज्याच्यामुळं घराघरात गेला तो एरिक एरिक्सन, आणि याचं स्वतःचंच बघण्यासारखं आहे. जन्म १९०२ (परत तेच वर्ष), जन्मदाता बाप कोण ते कधी कळलं नाही, आई ज्यू, सावत्र बापाचं आडनाव होम्बर्गर. दिसायला उंच, सोनेरी केसांचा, त्यामुळं प्रार्थनास्थळात ज्यू पोरं त्याला परका म्हणायची आणि शाळेत बाकीची त्याला ज्यू म्हणून हिणवायची. पुढं अमेरिकेत गेला आणि १९३९ च्या सुमारास तिथलं नागरिकत्व घेताना आडनावच नवीन घेतलं, एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. माणूस स्वतःचाच बाप झाला म्हणायचं! त्याचं म्हणणं असं की वयात आल्यावर ‘मी कोण’ हा गोंधळ होणं हा आजार नाही, ते त्या वयाचं कामच आहे. जेम्स मार्शियानं १९६६ साली त्यावरून चार अवस्था सांगितल्या, त्यातल्या दोन आपल्याकडं गल्लोगल्ली दिसतात. एक म्हणजे स्वतः काही शोधाशोध न करता घरचं ठरवलेलं अंगावर घेणं, वडलांचं चपलांचं दुकान म्हणून मी पण तेच, घरातली सगळी डॉक्टर म्हणून मी पण डॉक्टर. यात माणूस दुःखी असतो असं नाही, बरेचदा मजेतच असतो, वारं फिरलं की मात्र कळतं. दुसरी अवस्था शोधाशोध चालू आहे पण काही ठरलेलं नाही. एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेली पोरं तुम्हाला या अवस्थेतली वाटतील पण माझं मत वेगळं आहे, त्यातली बरीच शोधत नसतात, थांबलेली असतात, आणि ‘काय करतोस’ या प्रश्नाला ‘तयारी करतोय’ हीच त्यांची ओळख होऊन बसते.

आणि आपल्याकडं ओळख विचारायची पद्धतच बघा ना. गावाकडं गेलात तर “पाव्हणं, गाव कंचं? कुणाचं तुम्ही?” यात तुमचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी येतं. (आडनाव खोदून विचारण्यामागचा जातीचा हिशोब वेगळा, तो सगळ्यांना कळतो.) हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ साली मांडलं की अमेरिकेसारख्या समाजात ‘मी’ सुटा असतो, आशियातल्या बऱ्याच समाजांत तो नात्यांत गुंतलेला असतो. हे फारच ढोबळ आहे अशी टीका झाली आणि ती बरोबर आहे, एकाच घरातली आजी आणि नात यात दोन टोकांना असतात. पण २००७ चा चीनमधला एक छोटा अभ्यास मला विसरता येत नाही. स्वतःच्या स्वभावाचा विचार करताना मेंदूचा पुढचा, आतल्या बाजूचा एक भाग जास्त काम करतो. चिनी लोकांनी आईचा विचार केला तेव्हाही त्याच भागात तसंच काम दिसलं, पाश्चात्त्य लोकांत तसं दिसलं नाही. मोजकी माणसं होती, त्यावर इमले बांधू नयेत, पण आईशी फोनवर बोलताना ‘आले’ चं ‘आलो’ होणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पैलवानांचं मला नेहमी वाटतं. पहाटे उठणं, जोर-बैठका, दूध, बदाम, खुराक, तालमीतला वस्ताद, वडलांचं स्वप्न, लोकांची हाक सुद्धा ‘पैलवान’ अशीच. आणि विसाव्या-बाविसाव्या वर्षी गुडघा जातो. डॉक्टर म्हणतो लिगामेंटचं ऑपरेशन करू, पण खरा प्रश्न लिगामेंटचा नसतो, उद्यापासून मी कोण हा असतो. पॅट्रिशिया लिनव्हिल हिनं १९८० च्या दशकात म्हटलं की ज्यांच्या ‘मी’ ला अनेक आणि एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळ्या बाजू असतात त्यांना एका बाजूवर घाव बसला तरी सगळं कोसळत नाही. नंतरच्या अभ्यासांत निकाल सरळ आले नाहीत, काहींत उलटेही आले, नुसत्या बाजू वाढवून भागत नाही, त्या एकमेकांशी भांडत असल्या तर माणूस अजून थकतो. तरीही ज्या तालमीत वस्ताद पोरांना कॉलेज सोडू देत नाही तो वस्ताद मला शहाणा वाटतो.

ऑनलाईन टेस्टवर फार वेळ घालवत नाही. १९४८ साली बर्ट्रम फोररनं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून वर्णन दिलं आणि पाचपैकी किती जुळतं विचारलं. सरासरी ४.२६. सगळ्यांना एकच कागद दिला होता, राशिभविष्याच्या पुस्तकातनं उचललेल्या वाक्यांचा. पुढच्या वेळी ‘तुम्ही बाहेरून कठोर पण आतून हळवे आहात’ असं आलं की फोररला आठवा, कोल्हापूरकरांना तर हे वाक्य हमखास लागू पडतं.

मग शेवटी उरतं काय? सगळंच बदलतं तर ‘हा तोच माणूस’ असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? याचं एक उत्तर आजारी माणसांच्या घरच्यांकडून मिळालं. नीना स्ट्रॉमिंजर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ साली मेंदूच्या आणि नसांच्या तीन वेगवेगळ्या आजारांतल्या पेशंटच्या जवळच्यांना विचारलं, तुमचा माणूस अजून तोच वाटतो का? आपल्याला वाटेल की स्मृती गेली की माणूस परका होत असेल. तसं निघालं नाही. विसरण्यानं ओळख फारशी मोडत नाही. आजोबांना नातवाचं नाव आठवत नाही, पण पोराच्या हातावर गूळ ठेवायला अजून खिसा चाचपतात, तर घरच्यांना ते आजोबाच असतात. ओळख मोडते ती माणुसकी बदलली की, म्हणजे प्रामाणिक माणूस चोरटा झाला, मायाळू बाई क्रूर बोलायला लागली की. मेंदूच्या पुढच्या भागाला होणाऱ्या डिमेन्शियात हे जास्त होतं आणि त्यांच्याच घरचे सगळ्यात जास्त म्हणाले की हा आमचा माणूस राहिला नाही. १८४८ सालचा फिनिअस गेज, ज्याच्या डोक्यातनं लोखंडी पहार आरपार गेली आणि तरी जगला, त्याच्याबद्दलही मित्र हेच म्हणाले होते असं त्याच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय, हा आता गेज नाही. हे मला फार मोठं वाटतं, कारण आवडनिवड, हुशारी, पद, भाषा हे ज्याला आपण ‘माझी ओळख’ म्हणून मिरवतो त्यातलं काहीही जवळच्यांच्या यादीत पहिलं नाही. पहिलं आहे तुम्ही त्यांच्याशी कसं वागता ते.

आणि ज्यांना वाटतंय की आपलं वय झालं, आता जे व्हायचं ते होऊन गेलं, त्यांच्यासाठी एक हिशोब. २०१३ साली १९,००० पेक्षा जास्त लोकांचा एक अभ्यास आला, १८ पासून ६८ वयापर्यंतच्या. गेल्या दहा वर्षांत किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल असं वेगवेगळ्या लोकांना विचारलं. प्रत्येक वयात लोक म्हणाले, बदललो तर खूप, पण आता फारसा बदलणार नाही. त्यातच एक प्रश्न होता, आज आवडणाऱ्या गायकाचा कार्यक्रम दहा वर्षांनी असेल तर तिकिटाला किती द्याल? सरासरी १२९ डॉलर. आणि दहा वर्षांपूर्वी आवडायचा त्याचा कार्यक्रम या आठवड्यात असेल तर? ८० डॉलर. दंडावर कुणाचं नाव गोंदवून घ्यायचा विचार चालू असेल तर मधल्या ४९ डॉलरचा विचार करा आणि मग जा.